महिन्यात तीन पानं

२०१८ चा ऑक्टोबर. विसर्जन होऊन दोन-तीन आठवडे झालेले, म्हणजे वाद्यदुरुस्तीच्या दुकानात माशा मारायचे दिवस. तो, आमच्या गावचा एक रॉक ड्रमर, आला, बगलेतला स्नेअर (ड्रमसेटमधला छोटा ड्रम) काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "मामा, परत गेलं." पान फुटलं होतं. महिन्यातलं तिसरं.

ढोल असो, हलगी असो की विलायती ड्रम, वरच्या पडद्याला आमच्याकडे पानच म्हणतात, मग ते कातड्याचं असो नाहीतर प्लॅस्टिकच्या फिल्मचं. १९५० च्या दशकात ड्रमची पानं मायलर नावाच्या प्लॅस्टिकची झाली आणि पावसाळ्यात सैल पडायचं दुखणं गेलं. फुटायचं गेलं नाही. तरी नेमाने वाजवणाऱ्याला एक बरं पान काही महिने पुरतं. महिन्यात तीन जात असतील तर काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते कळायला मला पाच महिने लागले, आणि त्यातले पहिले तीन महिने मी ते आणखी बिघडवत होतो. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतोय.

नाव देत नाही. "लिहा मामा, पण नाव घालू नका, सुपाऱ्या जातील," असं त्यानेच बजावलंय.

भिंतीपलीकडचा माग

घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे आणि मागाची शेड घराला चिकटूनच, मधे एका विटेची भिंत. साधा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे फटके टाकतो. शेजारचा माग त्याच्याहून किंचित पुढे नाहीतर मागे चालतो, म्हणून दोघांचा ठेका जुळतो, सुटतो, परत जुळतो. हे ऐकत तो लहानाचा मोठा झाला. पुढे क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) कानात घेऊन वाजवायला त्याला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि याचं श्रेय मी त्या भिंतीला देतो. तो देत नाही. "झोप लागायची नाही मामा, बाकी काही नाही," म्हणतो.

पहिलं वाद्य हलगी. पुण्याने ढोल-ताशाचं कौतुक खुशाल करावं, आमच्याकडे गणपतीत मंडळाची इज्जत लेझमीच्या डावावर ठरते. सातवीपासून तो मंडळात हलगी धरायचा. शंभर लेझमी खळखळत असताना शेवटच्या रांगेतल्या पोरापर्यंत ठेका पोचला पाहिजे, नाहीतर डाव फिसकटतो. त्यामुळे हात मनगटातून न येता खांद्यातून यायला लागतो. ही सवय पुढे महत्त्वाची आहे.

ड्रमसेट, म्हणजे किट, त्याने पहिल्यांदा पाहिला तो एका चर्चच्या हॉलमध्ये, नाताळच्या कार्यक्रमाला मित्राबरोबर गेला तेव्हा. दर शनिवारी हॉल झाडून द्यायचा, बदल्यात तासभर वाजवायचं, असा करार ठरला. आपल्या लहान शहरांत रॉक ड्रमर बहुतेक असेच तयार होतात. किट घ्यायला पैसे नसतात, आणि पैसे असलेच तर ते सोसणारे शेजारी नसतात.

किट म्हणजे मुळात काटकसरीतून आलेलं वाद्य. पूर्वी मोठा ड्रम एक जण, छोटा दुसरा आणि झांजा तिसरा वाजवायचा. १९०९ मध्ये लुडविग यांनी पायाने चालणारं चांगलं पेडल बाजारात आणलं आणि तिघांचं काम एकट्याच्या अंगावर आलं. हे तिघं एका अंगात बसवणं अवघड असतंच, पण त्याला अडलं ते वेगळ्याच जागी. आपल्या कानाला समेची सवय: वजन पहिल्या मात्रेवर. रॉकमध्ये किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, एक आणि तीनवर पडते, आणि स्नेअरचा सणसणीत ठोका दोन आणि चारवर. गाण्याचं वजनच मागच्या पायावर. हलगीच्या हाताला हे उलटं वाटतं. सहा महिने त्याचा दुसरा ठोका पहिल्यासारखाच वाजायचा, जणू गाणं अर्ध्या पावलाने घसरलंय. मग एक दिवस बसला तो बसलाच.

बारावीनंतर ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवर. आठ चौकोनांत ढोलकी, तबला, ड्रम सगळं भरलेलं ते यंत्र आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रांचा कणा आहे. पैसे बरे मिळायचे, मन रमायचं नाही. दिवसा कॉलेज आणि चार जणांचा बँड. डीप पर्पल, मेटॅलिका यांची गाणी. त्या पोरांच्या तोंडी सतत मुंबईचं इंडिपेंडन्स रॉक असायचं, १९८६ पासूनचा तो मेळा. सोलापुरात रॉकला मंच कॉलेजच्या गॅदरिंगचा, तोही 'झिंगाट काहीतरी वाजवा' ही चिठ्ठी येईपर्यंत. मग पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याच्या स्पर्धांना जायचं, स्टिकची पिशवी मांडीवर आणि डब्यात कडक भाकरी-शेंगाचटणी. २००९ मध्ये तो पुण्यातच राहिला. पाच वर्षांत तीन बँड, स्टुडिओत थोडं काम, दोन वेळा नाव होता होता राहिलं. २०१४ मध्ये वडिलांचे माग भंगारात गेले आणि तो परत आला. बँडमधले बाकीचे आयटीत गेले. रॉक ड्रमरच्या चरित्रात हा भाग सगळीकडे सारखाच असतो, लांबवत नाही.

सोलापुरात आल्यावर मात्र त्याची चलती झाली. ऑर्केस्ट्रावाल्यांना आता पॅडऐवजी खरं किट हवं होतं, कारण किटवाला दिसतो. लांब केस, वर टांगलेल्या झांजा, घाम. गणपतीत, जयंतीला ट्रॉलीवर किट. आणि प्रत्येक ठिकाणी संयोजकाचं एकच म्हणणं: "आवाज येऊ दे बे."

माझ्या तीन चुका

परत त्या स्नेअरकडे येतो. फुटलेलं पान टाकून देऊ नये, वाचावं. नीट हाताच्या माणसाचे खळगे मधोमध, वाटीएवढ्या जागेत आणि उथळ असतात. याच्या पानावर खळगे सगळीकडे पसरलेले, खोल, आणि कडेला चंद्रकोरीसारखे व्रण. स्टिक उंदराने कुरतडल्यासारख्या, कारण हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) टोकाने न वाजवता स्टिकच्या दांड्याने कडेवर हाणलेला. हे सगळं मी पाहिलं आणि तरी चुकलो.

तो म्हणाला, "डुप्लिकेट माल देऊलालाव काय मामा?" झोंबलं. मी दुहेरी थराचं, जाड पान बसवून दिलं. टिकेल खात्रीने. टिकलंही, सहा आठवडे. मग स्टिक मोडतात म्हणून जाड स्टिक दिल्या, फाइव्ह ए च्या जागी टू बी. मग उजवं मनगट दुखायला लागलं, अंगठ्याच्या मुळाशी. डॉक्टरांनी शिरेची सूज सांगितली आणि विश्रांती. लग्नसराईत विश्रांती! मी त्याला मनगटाचा पट्टा आणून दिला. तीन उपाय आणि तिन्ही हातावर, वाद्यावर. माणूस जोरात का हाणतोय, हे विचारलंच नाही. सोलापुरात ड्रमरला असं कुणी विचारत नाही. जोरात हाणणं हीच त्याची लायकी मानतात.

जाड पानाने काय झालं ते आता सांगता येतं. दुहेरी थर आवाजातली वरची चमक खातो. स्नेअर बोदा होतो. वाजवणाऱ्याला तो 'येत नाही' असं वाटतं, आणि तो आणखी हाणतो. जाड स्टिकने तेच. दुखणं वाढवायचं ठरवून काही दिलं असतं तर याहून चांगलं सुचलं नसतं.

चिरेची सळसळ

मार्च २०१९. त्याने क्रॅश, म्हणजे मोठी झांज, आणली, स्टँडवर नीट बसत नाही म्हणून. झांजेला बारीक चीर गेली की डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळते, वाजल्यावर शेवटी एक सळसळ उरते, कागद फडफडल्यासारखी. मी टिचकी मारली आणि सळसळ आली. "कधीपासून चिरलीय?" तो म्हणाला, चिरलेली नाहीच. परत वाजवली. "ऐक." तो ऐकत होता, मन लावून, चेहऱ्यावर काही नाही.

म्हटलं, "मान फिरव, उजवा कान कर."

मान फिरवली. मी टिचकी मारली. तो काही बोलला नाही. मग स्वतः बोटाने वाजवली, एकदा डाव्या कानाशी, एकदा उजव्या. असं चार-पाच वेळा. शेवटी म्हणाला, "इकडून हाय. इकडून नाय."

चिरेच्या दोन्ही टोकांना मी बारीक भोकं पाडून दिली, त्याने चीर पुढे सरकत नाही. तोवर तो बाकावर बसून होता. आठवड्याने कानाची तपासणी झाली. आलेखात डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झपाशी ६० डेसिबलपर्यंत खाली गेलेली, ८००० पाशी थोडी वर आलेली. उजव्या कानाला तशीच खाच, पण ३५ ची. ही खाच म्हणजे मोठ्या आवाजाची सही. म्हातारपणात रेघ उतरत जाते आणि उतरतच राहते. आवाजाने गेलेल्या कानात खड्डा पडतो. आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या केसपेशी असतात, त्या मेल्या की परत उगवत नाहीत.

डावाच कान जास्त का, याला ड्रमवर बसलेला माणूस लगेच उत्तर देईल. हाय-हॅट डावीकडे, स्नेअर डाव्या गुडघ्याशी, आणि आमच्या ऑर्केस्ट्रात मॉनिटरही (वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) डावीकडेच ठेवतात, कारण उजवीकडून गायक ये-जा करतात. हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरतात. दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. किटमागे बसल्यावर शंभर सहज ओलांडतात, आणि त्याचा एक कार्यक्रम तीन तासांचा. त्यावर तो कापसाचे बोळे घालायचा. कापूस वरचे सूर जास्त अडवतो, खालचे कमी. आधीच चमक ऐकू येत नाही, त्यात बोळा. मग हात काय करणार? आवाज शोधत जोरात जाणार.

म्हणजे साखळी अशी: कान गेला, म्हणून हात जड झाला, म्हणून पानं फुटली, झांजा चिरल्या, मनगट धरलं. आम्ही सगळे साखळीच्या शेपटाशी बसून उपाय करत होतो.

घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो आणि उत्तर मिळालं. टीव्ही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. आई ओरडून बोलत होती, बायको ओरडून, पोरगी ओरडून; भांडण नव्हतं, आमटी वाढू का एवढंच विचारत होते. वडिलांनी चाळीस वर्षं मागावर काढली. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ती जागा कानाला वाईट, ही साधी खूण आहे, आणि मागाच्या शेडमध्ये तर कानाला तोंड लावून बोलतात. वडिलांचे कान केव्हाच गेले होते. सगळं घर त्यांच्या मापाने बोलायला शिकलं होतं. अशा घरात आणखी एकाला कमी ऐकू यायला लागलं तर ते दिसणार कसं? कार्यक्रमानंतर रात्रभर कानात कुंई वाजते, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं सगळ्यांनाच वाजते. त्याच्या नायनांना, म्हणजे वडिलांना, वाजतच होती.

पूर्व भागात अशी घरं किती असतील याचा विचार करून मी त्या दिवशी गप्प जेवलो.

हात हलका करणं

मेटॅलिकाच्या लार्स उलरिकने आपल्या कानातल्या कुंईबद्दल जाहीरपणे सांगितलंय, हे मी त्याला दाखवलं. धीर यावा म्हणून. आला नाही. "त्याला कोण काढणार बँडमधून?" म्हणाला. बरोबर होतं. सुपारी जायची भीती खरी होती: बहिरा ड्रमर म्हटलं की विषय संपला.

मग गाडी हातावर आली, पण या वेळी कानाच्या बाजूने. आधी संगीतवाल्यांचे गाळणी असलेले इअरप्लग आणवले. ते वरचे-खालचे सूर सारख्या मापाने कमी करतात, पंधरा-वीस डेसिबल, रंग न बदलता. मॉनिटर उजवीकडे. झांजा खाली आणि वाजवणाऱ्याकडे कललेल्या, वरची नट सैल, म्हणजे फटका बसला की झांज डोलते, चिरत नाही. एकेरी पान, स्टिक परत बारीक. माझे उपाय मीच उलटे फिरवले.

अवघड होतं ते खांद्यातला हात मनगटात आणणं. बत्तिशीतल्या माणसाला स्टिक कशी धरायची ते सांगायचं. इथे नील पिअर्टची गोष्ट कामाला आली. रश बँडचा हा ड्रमर वीस वर्षं जगभर गाजल्यावर, १९९० च्या दशकाच्या मध्यात फ्रेडी ग्रूबर नावाच्या शिक्षकाकडे गेला आणि स्टिक धरण्यापासून परत शिकला. दोन ठोक्यांच्या मधे हात हवेत काय करतो, यावर ग्रूबरचा सगळा भर. ठोका मारायचा नाही, पडू द्यायचा, आणि पानाने परत दिलेली उसळी वाया घालवायची नाही. आमच्या ड्रमरने हे ऐकलं आणि म्हणाला, "हे तर धोट्याचं झालं." खरंच. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला एक झटका बसतो, पुढचं अंतर तो आपणच जातो. कुणी हाताने ढकलत नेत नाही. मला ही उपमा सुचली नसती.

डेफ लेपर्डच्या रिक ॲलनचं तो आधीपासून जाणत होता. १९८४ च्या ३१ डिसेंबरला मोटार अपघातात डावा हात गेला, त्या हाताचं काम त्याने इलेक्ट्रॉनिक पेडलवर डाव्या पायाला दिलं आणि १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या मैदानावर परत वाजवायला बसला. पोरांना ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तीत दिसते ती मांडणी: काय गेलंय ते मान्य करून वाद्य नव्याने रचणं. लपवून नाही होत ते.

आणि बोनम. लेड झेपेलिनच्या जॉन बोनमचा दणका हा आमच्याकडच्या प्रत्येक पोराचा दाखला: "तो कसा हाणायचा!" हाताला वजन होतं, खोटं नाही. पण १९७१ च्या चौथ्या अल्बमवरचा त्याचा जो सगळ्यात अजस्र आवाज आहे, तो हेडली ग्रेंज नावाच्या घरातल्या जिन्याचा आहे. किट जिन्याच्या तळाशी, मायक वर जिन्यात टांगलेले. दणका अर्धा जिन्याने दिलाय. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो उठून माझ्या दुकानाच्या जिन्याखाली स्नेअर घेऊन गेला आणि अगदी हळू वाजवून आला.

आठ महिन्यांत मनगट सुटलं. २०२० मध्ये सगळेच कार्यक्रम बंद पडले; त्या काळात त्याने जाळीच्या पानांचं जुनं इलेक्ट्रॉनिक किट घेतलं आणि घरच्या घरी हात बसवला. कान मात्र होता तिथेच. २०२२ चा आलेख २०१९ च्या आलेखावर ठेवला तर रेघ जवळपास तीच येते, आणि अशा दुखण्यात तेवढंच मागायचं असतं.

सगळं गोड झालं असं नाही. एका ऑर्केस्ट्राने त्याला सोडलं. मालक म्हणाला, "हात थंड पडलाय तुझा." ट्रॉलीवरचं वाजवणं त्याने स्वतः सोडलं, आणि गणपतीचे दहा दिवस म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा तुकडा होता. आता शिकवण्या आहेत, रविवारी त्याच जुन्या चर्चमध्ये वाजवणं आहे, लग्नाचे स्वागत समारंभ आहेत जिथे लोकांना जेवताना बोलता यायला हवं असतं. तिथे त्याच्या हलक्या हाताला भाव आहे. मला तो आता रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सची आठवण करून देतो: छोटं किट, कमी हालचाल, आणि बाकीच्यांना नाचायला मोकळी जागा. हे मी त्याला सांगितलेलं नाही. त्याला अजून बोनमच व्हायचंय.

वडिलांना कानाचं यंत्र लावून घेऊ म्हणाला. ते म्हणाले, माग बंद झाला, आता काय ऐकायचंय.

परवा तो स्नेअर घेऊन आला. पान अकरा महिन्यांचं, फुटलेलं नाही, नुसतं मधोमध झिजलेलं. मी नवं चढवलं. स्नेअरला दहा नट असतात, आणि प्रत्येक नटापाशी टिचकी मारून वरचा सूर जुळवत जावं लागतं. हे आता त्याला एकट्याला जमत नाही, म्हणून पोरीला बरोबर आणतो. ती दहा वर्षांची आहे. बाकावर उभी राहून स्टिकच्या टोकाने एकेका नटाशी वाजवत होती, तो हातात चावी घेऊन वाट बघत होता.

"ही उतरलीय, नायना."

त्याने पाव फेरा दिला.

"अजून."

अजून थोडा दिला.

"बास."

पुढच्या नटावर गेले.